निसर्गशिक्षण कोणासाठी?



मुलांना निसर्गाचे शिक्षण द्यावे, या विचाराला आज देशात कोणाचाही विरोध नाही. १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे पर्यावरणावरील जागतिक परिषद झाली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विषयास अभ्यासक्रमात स्थान दिले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व स्तरांवर पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याचा आदेश दिला. २००१-०२ पासून शाळाशाळांतून राष्ट्रीय हरित सेना उभी राहिली. कायदा, धोरण, न्यायालय आणि शासन या चौघांचेही या प्रश्नावर एकमत आहे.

ज्या कार्यक्रमाला जंगलतोडीचा ठेकेदार, खाणीचा मालक आणि खात्याचा मंत्री हे तिघेही एकाच व्यासपीठावरून पाठिंबा देतात, त्या कार्यक्रमातून काही तरी गाळले गेले आहे, अशी शंका समाजवादी कार्यकर्त्याने घेतलीच पाहिजे. काय गाळले गेले आहे, याचा शोध हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

शाळांतून आज निसर्गशिक्षण म्हणून जे चालते, त्याचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. जूनमध्ये पर्यावरणदिन येतो. प्रभातफेरी निघते, घोषणांचे फलक रंगविले जातात, निबंधस्पर्धा होते आणि पाहुण्यांच्या हस्ते एक रोप लावून छायाचित्र काढले जाते. पुढील वर्षी पुष्कळदा त्याच खड्ड्यात दुसरे रोप लागते. पाठ्यपुस्तकातील धड्यात एक वाक्य हटकून आढळते : मानवाने आपल्या हव्यासापायी जंगले तोडली. मूल ते पाठ करते आणि गुण मिळविते. पण हा ‘मानव’ कोण? चुलीसाठी वाळक्या फांद्यांची मोळी डोक्यावरून आणणारी वारली स्त्री आणि शेकडो हेक्टर जंगल खाणीसाठी मागणारी कंपनी, या दोघींना एकाच ‘मानव’ शब्दात बसविले, की दोष सर्वांवर सारखा वाटला जातो आणि जबाबदारी कोणावरच राहत नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात साधनसंपत्तीची मालकी कोणाकडे, लाभ कोणाला व हानी कोणाला, हे प्रश्न विचारावयास शिकवितात. निसर्गशिक्षणातून नेमके हेच तीन प्रश्न वगळले गेले आहेत.

महाराष्ट्रातील एकाच वर्षाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. राज्य शासनाने वृक्षलागवडीचे जे उद्दिष्ट ठरविले, ते २०१६ मध्ये दोन कोटींचे होते. पुढील वर्षांत ते चार कोटी, तेरा कोटी असे वाढत गेले आणि २०१९ च्या जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांसाठी तेहतीस कोटींवर पोहोचले. शाळांतील विद्यार्थीही या मोहिमेत जुंपले गेले. ती मोहीम संपून आठवडाही लोटला नव्हता, तोच ऑक्टोबरच्या आरंभी मुंबईत आरे येथे मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे दोनतीन दिवसांत तोडली गेली. तोडीची सुरुवात रात्री झाली. विरोध करणाऱ्या तरुणांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविली, तोवर आवश्यक तेवढी तोड झाल्याचे शासन सांगत होते. ज्या मुलाने सप्टेंबरात रोप लावले, त्याने ऑक्टोबरात वृत्तपत्र उघडून गुरुजींना विचारले असते की, झाड लावणे हे कर्तव्य आणि झाड वाचविणे हा गुन्हा कसा, तर गुरुजींनी काय उत्तर द्यावे? आजच्या अभ्यासक्रमाने गुरुजींच्या हाती असे कोणतेच उत्तर ठेवलेले नाही.

शाळेबाहेर निसर्गशिबिरे आहेत. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थांनी या देशात निसर्गनिरीक्षणाची शिस्त रुजविली. सलीम अलींचे पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याने पिढ्यान् पिढ्यांना डोळे दिले. चार भिंतींत वाढलेल्या शहरी मुलाने पहाटेच्या काळोखात पाणवठ्यावर गप्प बसून राहण्यास शिकावे, ही लहान गोष्ट नव्हे. पण हे शिबिर बहुधा शुल्क देऊ शकणाऱ्या घरातील मुलांपुरते उरते. शिवाय त्यात दिसणारे जंगल माणसांवाचूनचे असते. वाट दाखविणारा, ओझे वाहणारा आणि भाकरी भाजून देणारी तेथलीच असतात. तथापि शिक्षक म्हणून बोलतो तो शहरातून आलेला. प्रत्यक्षात मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याने मराठीला अरण्याची जी शब्दसंपदा दिली, तिचा मोठा भाग वनवासी माणसांच्या तोंडूनच वेचलेला होता. ज्यांच्याकडून विद्या घ्यावयाची, त्यांना विद्यावंत म्हणण्यास मात्र शाळा आणि शिबिर दोन्ही तयार नाहीत.

याचा परिणाम पाड्यावरच्या मुलावर काय होतो, ते पाहावे. पालघरच्या किंवा नंदुरबारच्या डोंगरातील दहा वर्षांचे मूल कोणत्या झाडाचा चीक अंगाला खाज आणतो, कोणता कंद उकळून पाणी टाकल्यावाचून खाऊ नये, मोहाची फुले केव्हा वेचावीत, हे जाणते. तेच मूल शाळेत आले की, अडाणी ठरते; कारण परिसर-अभ्यासाच्या पुस्तकातील रिकाम्या जागा त्याला भरता येत नाहीत. त्याच्या परिसराची परीक्षा ज्याने तो परिसर पाहिलेला नाही, तो घेतो.

या विसंगतीवर महाराष्ट्राच्याच भूमीत एके काळी उत्तर शोधले गेले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांना गुरे राखावी लागतात, हे त्यांनी पाहिले. तेव्हा पालकांना दोष न देता त्यांनी शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. गुरे चरत आणि मुले शिकत. महागड्या शैक्षणिक साधनांच्या जागी बिया, पाने, खडे व शिंपले आले; मोजणी त्यांवर झाली, रंग व आकार त्यांतून ओळखले गेले. निसर्गशिक्षण असे वेगळे नाव त्या कामाला देण्याची गरजही भासली नाही, कारण मुलाचे श्रम, त्याचा परिसर आणि त्याचे शिक्षण यांची तेथे फारकतच झाली नव्हती.

दुसरा प्रयोग मध्य प्रदेशातील. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांतून किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रुरल सेंटर यांनी विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. या शाळा सरकारी वा साध्या ग्रामीण शाळा होत्या. मुले गटागटाने प्रयोग करीत, शेतात व ओढ्याकाठी परिभ्रमणास जात, पाने-मुळे-किडे गोळा करून त्यांचे वर्गीकरण स्वतः ठरवीत. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे. ‘सवालीराम’ या काल्पनिक व्यक्तीच्या नावे मुले आपल्या शंका पत्राने विचारीत आणि त्यांना उत्तर जाई. नामांकित संस्थांतील शास्त्रज्ञ आणि खेड्यातील शिक्षक एकाच बाकावर बसून धडे रचीत. १९८२ मध्ये एकलव्य संस्था स्थापन झाली व तिने ही धुरा उचलली. कार्यक्रम सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोहोचला. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. शासनाच्या एका निर्णयाने लोकहिताचा प्रयोग बंद पडू शकतो, कारण त्याच्या रक्षणासाठी पालकांची संघटित शक्ती उभी केलेली नसते, हा त्यातील धडा प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानी ठेवावा.

तिसरे उदाहरण हिमालयाच्या पायथ्याचे आणि माथ्याचे. अल्मोडा येथील उत्तराखंड सेवा निधीने १९८७ नंतर तेथील शाळांतील सहावी ते आठवीच्या मुलांसाठी पर्यावरणाचा जो अभ्यास रचला, त्यात स्वतःचे गाव हाच पाठ होता. गावाला चारा किती लागतो, सरपण किती लागते, पाणी किती लागते आणि गावची जमीन यांपैकी किती देऊ शकते, याचे मोजमाप मुले करीत. अशा मोजमापातून गावाचा ताळेबंदच तयार होतो. चाऱ्याचा भारा उचलण्यासाठी आईला किती मैल चालावे लागते, हे ज्या मुलीने मोजले, तिला जंगलतोड म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. १९७४ च्या मार्चमध्ये रेणी गावच्या स्त्रियांनी गौरादेवींच्या पुढाकाराने ठेकेदाराच्या माणसांना परत पाठविले, ते याच हिशेबाच्या बळावर.

आता गाळलेला भाग कोणता, हे स्पष्ट व्हावे. शाळेने निसर्गाविषयी प्रेम शिकविले, पण निसर्गावरील हक्क शिकविला नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. हे घडले त्यापूर्वी अनेक वर्षे तेथे अभ्यासगट चालत होते; गावकरी कायदा, जंगल आणि बाजार यांचा अभ्यास करीत होते. ज्याला जंगल आपले वाटते आणि कायद्यानेही ते त्याचे असते, तो ते राखतो. निसर्गरक्षणाचे हे अर्थशास्त्र मेंढ्याने सिद्ध केले. महाराष्ट्रातील किती मुलांना मेंढ्याचे नाव ठाऊक आहे?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की कोवळ्या मुलांच्या शिक्षणात राजकारण आणू नये. १९७७ मध्ये तिबिलिसी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पर्यावरणशिक्षणाची जी तत्त्वे मांडली, त्यांत आर्थिक आणि राजकीय अंगांसह पर्यावरणाचा समग्र विचार करावा, असे स्पष्ट नमूद आहे. शिवाय मौन हेदेखील राजकारणच असते. २०२२ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातून जनआंदोलनांवरील प्रकरण वगळले. त्यात चिपकोचा आणि नर्मदा आंदोलनाचा इतिहास होता. अभ्यासाचा भार हलका करणे हे कारण देण्यात आले. रोप लावण्याचा धडा राहिला आणि झाडाला मिठी मारणाऱ्या स्त्रियांचा धडा त्या पुस्तकातून गेला, याला राजकारणाखेरीज दुसरे नाव नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आदिवासी पालकच घेतात. मुलाला पुन्हा जंगलच शिकवावयाचे, तर शाळा कशाला? त्याला गणित, विज्ञान आणि इंग्रजी हवे. हा आक्षेप रास्त आहे. पाड्यावरच्या मुलाने पाड्यावरच राहावे, असे शहरातल्या सुशिक्षिताने सुचविणे हा उद्दामपणा होय. परंतु मुलाला जे येते त्यापासून आरंभ करणे म्हणजे त्याला तेथेच थांबविणे नव्हे. मोहाच्या फुलांच्या वजनावरून आणि व्यापाऱ्याने दिलेल्या दरावरून गणित उत्तम शिकविता येते; ते शिकलेल्या मुलाला मापात कोणी फसवू शकत नाही. आणि ही शाळा त्याच्या पाड्यावर असली पाहिजे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव राज्याच्या शिक्षण विभागाने मागविले. कमी पटाच्या अशा पुष्कळ शाळा डोंगरात आणि जंगलातच आहेत. शाळाच दूर गेली, तर शिक्षण आणि परिसर यांचा उरलासुरला धागाही तुटेल. निसर्गशिक्षणाचा लढा म्हणूनच गावच्या शाळेच्या लढ्यापासून वेगळा करता येणार नाही.

कार्यकर्त्यांना या दिशेने करता येण्याजोगी कामे मोठ्या निधीवाचून होणारी आहेत. सुटीतील शिबिरे शहरातील आणि पाड्यावरील मुलांची एकत्र घ्यावीत, आणि शुल्क देऊ शकणाऱ्यांच्या शुल्कातून इतरांचा खर्च भागवावा. शिबिरात पाड्यावरील वडीलधाऱ्यांना शिक्षकाचे स्थान द्यावे आणि शिक्षकाचे मानधनही द्यावे. पाहण्याबरोबर श्रम असावेत. बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीने हा मार्ग दाखविलेला आहे. मुलांकडून गावाच्या पाण्याचा, सरपणाचा आणि चाऱ्याचा हिशेब करवून घेऊन तो ग्रामसभेपुढे वाचावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधतेची लोकनोंदवही ठेवावयाची आहे. ती कचेरीत बसून भरली जाण्याऐवजी मुलांनी आजीआजोबांना विचारून भरावी. नवीन शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत दप्तराविना दहा दिवसांची तरतूद सुचविली आहे; ते दिवस सहलीत वाया न घालविता या कामासाठी मागून घ्यावेत. आणि लावलेल्या रोपांची संख्या विचारण्याचे सोडून तीन वर्षांनंतर जगलेल्या झाडांची संख्या मुलांनीच मोजावी व ती फलकावर लिहावी.

यांपैकी कोणतेही काम करताना मुले अडचणीचे प्रश्न विचारतील. ओढ्यातील वाळू कोणी नेली, गायरान कोणाच्या नावावर चढले, विहीर आटली तरी शेजारच्या कारखान्याला पाणी कसे मिळते, असे ते प्रश्न असतील. ते प्रश्न कार्यकर्त्याला गावातील बलिष्ठांसमोर उभे करतील, आणि कदाचित स्वतःच्याच पक्षाच्या सरपंचासमोरही उभे करतील. त्या वेळी त्याने मुलांना गप्प बसविले, तर सारे शिबिर व्यर्थ गेले असे समजावे. त्याने मुलांच्या हातातील वही घेऊन ती ग्रामसभेत वाचून दाखविली, तर मुलांचे निसर्गशिक्षण त्या दिवशी खऱ्या अर्थाने सुरू झाले.