कैद्याने साहेबावर लावलेली केस
(शिबिरातले बोलणे)



जंगलाच्या केसमध्ये आपली माणसं आत जातात. मग आपण म्हणतो, आता तोंड बंद, तारीख येईपर्यंत मार खायचा. म्हणून आज आम्ही अमेरिकेतल्या कैद्यांचं सांगतो. देश श्रीमंत, पण तुरुंगात तिथेही गरीब आणि काळीच माणसं फार.

तिथे १८७१ सालचा एक कायदा आहे. गुलामगिरी गेली तरी काळ्या लोकांना मारणाऱ्या टोळ्या होत्या, आणि गावचे अंमलदार त्यांना सामील. म्हणून ठरलं, की सरकारी माणसाने हुद्द्याच्या जोरावर हक्क मोडला तर त्याच्यावर थेट केंद्राच्या कोर्टात दावा लावायचा. कायदा कित्येक वर्षं पडून होता. कैदीही असा दावा लावू शकतो, हे सुप्रीम कोर्टाने १९६४ साली मान्य केलं.

टेनेसी राज्यात तुरुंगाचा नियम होता, एका कैद्याने दुसऱ्याचा अर्ज लिहायचा नाही. लिहिणाऱ्याला शिक्षा झाली. १९६९ साली कोर्टाने विचारल्यासारखं केलं, ज्याला लिहिता येत नाही त्याने मग जायचं कुठे? सरकार दुसरी मदत देत नाही तोवर हा नियम चालणार नाही.

टेक्सासचं तर ऐकाच. तिथे कैदी बिनपगारी कापूस वेचायचे, दाटीत जमिनीवर झोपायचे. साहेबाचे लाडके कैदी बाकीच्यांना बडवायचे. (असे लाडके आपल्या पाड्यातही असतात.) १९७२ साली डेव्हिड रुईझ नावाच्या कैद्याने हाताने अर्ज लिहिला. न्यायाधीशाचं आडनावच जस्टिस. सुनावणी १५९ दिवस चालली, ३४९ साक्षी झाल्या. १९८० साली निकाल लागला, की हे तुरुंग घटनेविरुद्ध चालतात. सुधारणा पुढे वर्षानुवर्षं रखडत झाल्या.

सरकारला हे झोंबलं. १९९६ साली नवा कायदा करून वाट अरुंद केली. आता कैद्याने आधी तुरुंगातच तक्रार करायची, म्हणजे ज्याने मारलं त्याच्याच कचेरीत. ती पायरी चुकली की दावा बाद.

आपल्याकडे तिहारमधून सुनील बत्राने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला पत्र धाडलं. वॉर्डर त्याच्या नातेवाइकांकडून पैसे उकळू पाहत होता. त्या पत्रालाच कोर्टाने अर्ज मानलं, डिसेंबर १९७९ मध्ये निकाल दिला.

तेव्हा भेटीला जाल तेव्हा विचारा: कुणी मारलं, कोणत्या तारखेला, कुणी पाहिलं. त्याच दिवशी लिहून काढा. अर्ज दिला तर शिक्क्याची पोच घ्या, आणि नक्कल पाड्यात ठेवा.