जंगलातल्या उपकेंद्रावरची नर्स



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. तरी आज नर्सिंगवर बोलतोय, कारण माझी धाकटी बहीण गडचिरोली जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ आहे. आम्ही बल्लारपूरचे. तिने बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला तेव्हा नातेवाइकांनी अब्बांना विचारलं होतं, "मुलीला रात्रपाळी करायला लावणार का?" आज तेच नातेवाईक शुगरचा रिपोर्ट आला की पहिल्यांदा तिला व्हॉट्सॲप करतात.

सीएचओ हे पद 2018 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतून आलं. आदिवासी आणि डोंगराळ भागात साधारण 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. उपकेंद्रावर एमबीबीएस डॉक्टर नसतो. नर्सिंगची पदवी आणि त्यावर सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली सीएचओ बीपी, शुगर, ताप, गरोदर बाई, तान्हं बाळ, सगळं बघते. अडलं तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलायचं. पण पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि अशा दिवसांत नेटवर्कचाही भरवसा नसतो. मग निर्णय कोण घेणार? समोर असेल तीच.

म्हणून माझा प्रश्न सोपा आहे. एवढ्या जबाबदारीला सहा महिने पुरतात का?

अमेरिकेत 1965 मध्ये कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण सुरू केलं. आज तिथे 'फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर' होण्यासाठी नर्सिंगच्या पदवीनंतर किमान मास्टर्स करावं लागतं. ती तपासते, निदान करते, औषध लिहून देते. आपल्याकडेही अतिदक्षतेसाठी दोन वर्षांचा आणि प्रसूतीसेवेसाठी 18 महिन्यांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आहे. उपकेंद्रावर मात्र सहा महिने.

डॉक्टर नसलेल्या माणसांच्या हाती उपचार दिले तर काय होतं, याचा पुरावा गडचिरोलीतच आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. नवजात मृत्यूदर हजारी 62 वरून 25 च्या आसपास आला. हा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्या बायका फार शिकलेल्या नव्हत्या. पण प्रशिक्षण नेमकं होतं, देखरेख सतत होती आणि अधिकार स्पष्ट होता.

2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम 32 मध्ये अशा मधल्या फळीला मर्यादित परवाना देण्याची तरतूद झाली. डॉक्टरांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. अर्धवट शिकलेल्याच्या हाती रुग्ण देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. ते मला खोटं वाटत नाही. पण त्यावरचा इलाज म्हणजे शिक्षण पूर्ण करणं, उपकेंद्र रिकामं ठेवणं नव्हे. आमच्या क्षेत्रात रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला की ज्याला उठवतात, त्याच्याकडे पासवर्डही असतो. जबाबदारी तिची आणि पासवर्ड दुसऱ्याकडे, अशी व्यवस्था चालत नाही.

आपण काय करू शकतो? बारावी सायन्सच्या मुलींना, आणि मुलांनाही, सांगा की नीट हुकली म्हणून घ्यायची ही दुय्यम वाट नाही. मोहल्ल्यातून इंजिनिअरिंगच्या फीला मदत उभी राहते, तशी नर्सिंगच्या मास्टर्सलाही उभी करा. जी जंगलात नोकरीला जाईल तिला माडिया शिकायला सांगा, कारण पोटात कुठे दुखतंय हे माणूस आपल्याच भाषेत नीट सांगतो. आणि सहा महिन्यांऐवजी पूर्ण प्रशिक्षण, सुरक्षित निवास आणि कायदेशीर अधिकार द्या, ही मागणी आपल्या निवेदनांत घाला. त्या उपकेंद्रात येणाऱ्या बाईला नर्सची जात-धर्म विचारायची नसते. तिला एवढंच हवं असतं की दार उघडं असावं आणि आत बसलेलीला काम येत असावं.