सहलीचा शेवटचा दिवस
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



सहलीची हकिकत कुणीतरी सांगायची म्हणून मला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा मोठ्या भाषणाची आशा धरू नये. रायगड आणि दिवेआगरचे फोटो सगळ्यांनी पाहिलेच आहेत. मी शेवटच्या दिवसाचे तेवढे सांगते.

मुक्काम रोह्याला होता. सकाळी धावीर महाराजांचे दर्शन घेऊन गाडी कोलाडला आली. फाल्गुन महिना, आपल्याकडे विहिरी तळाला गेलेल्या, आणि तिथे कुंडलिका कशी भरून वाहते आहे! शहरातली पोरे रबरी होड्यांतून ओरडत चालली होती. एकीने विचारले, "उन्हाळ्यात एवढे पाणी कुठले हो?" ड्रायव्हरदादा म्हणाले, "ताई, तुमचेच की. मुळशीचे!"

खरेच आहे ते. आपल्या मुळेचे पाणी धरणात अडवून, डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. वीज करून झाली की ते कुंडलिकेला मिळते. एरवी भीमेतून कृष्णेला आणि पूर्वेच्या समुद्राला जायचे, ते पश्चिमेला जाते. वीज मुंबईसाठी. मला इतकी वर्षे धरणाजवळ राहून पाण्याची वाट कोकणात कळली!

विळ्यावरून ताम्हिणी घाट चढलो. विंझाईच्या देवळाशी धपाटे खाल्ले. पुढे मुळशीचे पाणी दिसू लागले तसे आत्याबाई म्हणाल्या, "गाडी थांबवा." निम्म्या जणींना स्वयंपाकाची घाई, कुणाच्या नळाची वेळ. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला नाही कोण म्हणणार?

त्यांचे माहेरचे मूळ गाव त्या पाण्याखाली आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्यांचे वडील आठ वर्षांचे होते. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिले. बायकाही त्यात होत्या, तुरुंगातही गेल्या. १९२४ पर्यंत लढा चालला, धरण झालेच. पुस्तकात एवढे सापडते.

आत्याबाईंनी सांगितले ते पुस्तकात नाही. त्यांनी पाण्याकडे हात करून वडिलांकडून ऐकलेली घरे एकेक करून सांगितली. कुणाच्या दारात फणस होता, भाताची खाचरे कुठवर होती, मारुतीचे तोंड कोणत्या दिशेला होते. गाडीत कुणाला घाई राहिली नाही. आमच्या खजिनदारबाईंनी मंडळाच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर जमेल तेवढे लिहून घेतले. पाठ पुरली नाही.

आपल्यापैकी पुष्कळ जणींची आजी, सासू, पणजी त्या गावांतली. म्हणून मी दोनशे पानी वही आणली आहे. पहिली चार पाने आत्याबाईंची झाली. पुढच्या सभेला येताना ज्यांच्या घरात म्हातारे माणूस आहे त्यांनी विचारून यावे : गावाचे नाव, देव कोणता, घर कुठे होते, उठून कुठे गेले. लिहिता येत नसेल तर मला सांगा, मी लिहीन. वही माझ्या घरी देव्हाऱ्याखालच्या फळीवर आहे. दुपारी तीननंतर कधीही या.