दगड फोडणारे आणि दगड वाचणारे

(आपल्या ज्ञातिसंघाच्या वांद्रे येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गाडी वडार, माती वडार, पाथरवट ही आपली नावेच सांगतात की, पृथ्वीशी आपला संबंध पिढीजात आहे. कोणता खडक कोणत्या शिरेवर फुटेल, विहिरीत मुरूम संपून काळा पाषाण केव्हा लागेल, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी घणाच्या नादावरून ओळखले. ज्या शास्त्रात याची कारणमीमांसा होते, त्यास विद्यापीठात भूविज्ञान म्हणतात. परंतु आपल्या घरांतून त्या वर्गात जाणारी मुले विरळाच.

याचे एक कारण आपल्याच घरात आहे. “दगड सुटावा म्हणून मुलाला शिकविले, आणि तो पुन्हा दगडाकडेच जाणार काय?” असे आईबाप विचारतात. ज्यांच्या छातीत दगडाची भुकटी साठली, त्यांचा हा प्रश्न आम्ही हलका मानीत नाही. तथापि दगड फोडणे निराळे आणि दगड वाचणे निराळे. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे सुमारे 200 फूट उंच पाषाणस्तंभ कोणी घडविलेले नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हा निवताना आकसला व उभा तडकला. हे जाणणाराच धरणाचा पाया, बोगद्याची दिशा आणि भूजलाचा ठाव यांवर अधिकाराने बोलतो. 1851 साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात असे लोक संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून घेतले जातात.

दुसरे कारण विद्यापीठांपाशी आहे. राज्याच्या यादीत आपण विमुक्त जाती (अ) मध्ये असल्याने राखीव जागा मिळते. पण प्रवेश म्हणजे टिकाव नव्हे. या विषयात डोंगरदऱ्यांतील क्षेत्रकार्य चुकत नाही. फी माफ झाली तरी प्रवास, मुक्काम व बूट यांचा खर्च उरतो. शिवाय सुटीत मजुरी करणाऱ्याची तितकी कमाई बुडते. मराठी शाळेतील मुलास इंग्रजी परिभाषा अडते. मुलींच्या मुक्कामाची चिंता वेगळीच. 1952 च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामाची बंदी होती. ती 2019 मध्ये तांत्रिक व देखरेखीच्या कामांपुरती शिथिल झाली. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता व नागपूरच्या सागरवैज्ञानिक अदिती पंत तर 1983 सालीच अंटार्क्टिकावर पोहोचल्या होत्या.

म्हणून विद्यापीठांस आमचे सांगणे असे की, क्षेत्रकार्याचा खर्च संस्थेने सोसावा; आरंभीच्या सहली वांद्ऱ्याचा खडकाळ किनारा, गिल्बर्ट टेकडी अशा लोकलने गाठता येणाऱ्या स्थळी काढाव्यात; परिभाषा मराठीतही द्यावी; आणि एखाद्या दिवशी आपल्या जुन्या कारागिरास वर्गात मानाने बोलवावे.

संघानेही हात आखडू नये. उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय येथेच वांद्रे पूर्वेस आहे. राज्याच्या व केंद्राच्या संस्थांसाठी दाखल्यांचे नमुने निराळे असतात. ते बारावीपूर्वीच मिळवून देण्यास दोन जाणते कार्यकर्ते नेमावेत, आणि क्षेत्रकार्यासाठी एक लहानसा निधी उभारावा.

वडिलांनी दगडावर घाव घातले, ते पोटासाठी. मुलांनी त्याच दगडाचा अर्थ सांगावा व सन्मानाने जगावे, एवढीच आमची इच्छा. आपण सर्वांनी तीस हातभार लावावा, ही विनंती.