पहिली पसंती तुमची हवी



 दहावीच्या मुला-मुलींनो, तुमच्याशी थोडं बोलतो. निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो, अकरावीला कुठं?

2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. आपल्या हट्टा गावातल्या मुलांनाही अर्जात पसंतीक्रमाने जास्तीत जास्त दहा कॉलेजं भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. एवढी महत्त्वाची ती पहिली ओळ! अन् ती कितीदा तरी नेट कॅफेवर, शेजारच्या पोराची यादी पाहून भरली जाते.

आपल्या वसमत तालुक्यातला शेतकरी हळदीचं बेणं नुसत्या शब्दावर घेत नाही. गड्डा हातात घेतो, मोडून बघतो, मगच सौदा करतो. कॉलेजही तसंच पारखून घ्या. परीक्षा संपली की वसमत, परभणी, नांदेडला एक चक्कर मारा. प्रयोगशाळा दाखवा म्हणा. टेबलावर धुळीचा थर असेल, तर काय ते समजून घ्या. तिथल्या मुलांना विचारा, भौतिकशास्त्राला शिक्षक आहेत का, तास रोज होतात का. परतीची शेवटची एसटी किती वाजता, तेही बघा. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. तेव्हा पालकांनो, भाड्यापायी लेकीचं चांगलं कॉलेज यादीतून खोडू नका.

नाव इथल्या कॉलेजात आणि मुक्काम लातूरच्या क्लासला, असा प्रवेश घेऊ नका. प्रयोग स्वतःच्या हातानं केल्याशिवाय विज्ञान कळत नाही. आणि सगळ्यांनी विज्ञानच घ्यावं असंही नाही. आयटीआय आहे, हिंगोलीचं शासकीय तंत्रनिकेतन आहे. पुढं शेतीतच शिकायचं असेल, तर परभणीचं कृषी विद्यापीठ जवळ आहे.

कॉलेजचं नाव कशानं होतं? आपल्याच तालुक्यातल्या कुरुंद्याचे विचारवंत नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवायचे, पुढं तिथंच प्राचार्य झाले. अशा माणसांमुळं ते कॉलेज महाराष्ट्राला माहीत झालं. म्हणून इमारत आणि जाहिरात नंतर बघा. शिकवतं कोण, हे आधी विचारा.

पालकांनो, फीचा, खोलीभाड्याचा हिशेब मुलांपुढं मोकळेपणानं मांडा. त्यांना तो कळतो. पण पहिली ओळ त्यांची त्यांना लिहू द्या. आणि मुलांनो, हेच कॉलेज का, असं आईनं विचारलं तर तिला पटेल असं उत्तर तुमच्याकडं पाहिजे. "मित्र चाललाय म्हणून" हे उत्तर चालणार नाही. "तिथं मला हे शिकायला मिळेल" असं छातीठोकपणे सांगता आलं, की खुशाल अर्ज भरा.