हा बिल्ड कुठल्या कोडचा?



1976 सालची गोष्ट. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टीव्ह जॉन्सन नशिबाला बोल लावत आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. सबंध सकाळ ते आपल्या प्रोग्राममधली चूक शोधत बसले होते, आणि चूक तर त्यांनी आधीच दुरुस्त केलेली! फक्त ती फाइल पुन्हा कम्पाइल करायची, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायची, राहिली होती. आदल्या संध्याकाळी फेल्डमन स्वतःही असेच फसले होते. त्याच शनिवार-रविवारी त्यांनी 'मेक' लिहिलं. फायलींच्या तारखा पाहून जे बदललंय तेवढंच ते पुन्हा कम्पाइल करतं.

पण 'मेक'ला फक्त समोरचं फोल्डर दिसतं. टीममध्ये दहा जण असले, तर सोर्स कंट्रोलमधून, म्हणजे टीमच्या कोडच्या सामायिक साठ्यातून, उतरवलेल्या कोडच्या दहा प्रती दहा मशीनवर असतात. अशा प्रत्येक प्रतीला आम्ही सॉफ्टवेअरवाले वर्कस्पेस म्हणतो. बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार केलेला प्रोग्राम, नेमका कुठल्या वर्कस्पेसमधून निघाला, इथे खरी गोम आहे.

पुण्यातल्या एका कंपनीत असताना आम्ही शुक्रवारी घाईघाईत एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरून बिल्ड काढून ग्राहकाला पाठवला. सोमवारी तक्रार आली. दोन दिवस आम्ही सोर्स कंट्रोल पालथं घातलं. तिथे सगळं स्वच्छ. शेवटी त्याच लॅपटॉपवर एक ओळ सापडली. टेस्टिंगसाठी घातलेली, कधीच चेक-इन न केलेली, म्हणजे सोर्स कंट्रोलमध्ये न टाकलेली. "माझ्या मशीनवर तर चालतंय," हे तो सहकारी दोन दिवस म्हणत होता. खरंच होतं की ते!

तेव्हापासून माझा हट्ट असतो: बिल्ड सर्व्हरला स्वतःचं वर्कस्पेस हवं आणि त्यात कुणी हात घालायचा नाही. मग बिल्ड काढायला जेनकिन्स वापरा, नाहीतर आणखी काही. मात्र तिथेही एक फट राहते. सर्व्हर 'लेटेस्ट' कोड उतरवतो आणि मग 'शेवटच्या चेक-इनचा नंबर कोणता?' असं विचारतो. मधल्या अर्ध्या मिनिटात कुणी चेक-इन केलं, तर बिल्डवरचा नंबर खोटा ठरतो. म्हणून आधी नंबर ठरवायचा, मग त्याच नंबरचा कोड उतरवायचा. परफोर्स या सोर्स कंट्रोलमध्ये तो चेंजलिस्टचा नंबर, गिटमध्ये सहसा चाळीस अक्षर-अंकांचा कमिट हॅश.

शिवाय वर्कस्पेस धुऊन-पुसून घ्यावं लागतं. सोर्समधून काढून टाकलेल्या फाइलची जुनी ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे आधी कम्पाइल झालेला तुकडा, तिथे पडून असते आणि गुपचूप नव्या बिल्डमध्ये लिंक होते. खरकट्या भांड्यातच आजची आमटी! दर वेळी सगळं पुसलं तर बिल्डला फार वेळ लागतो, हे मान्य. दिवसा न पुसता चालवून घ्या. पण रात्रीचा आणि ग्राहकाकडे जाणारा बिल्ड कोऱ्या वर्कस्पेसमधूनच निघाला पाहिजे.

तुमच्यापैकी कुणी या धंद्यात असाल, तर उद्या आपल्या सॉफ्टवेअरचा 'अबाउट' उघडा. तिथे नंबर आहे का बघा. असलाच, तर त्या नंबरचा कोड उतरवून तोच बिल्ड पुन्हा काढून दाखवा.