लेकीच्या मार्कशीटवरचे आकडे



मागच्या बैठकीला आपल्या गटातल्या एक ताई लेकीची बी.ए. पहिल्या वर्षाची मार्कशीट घेऊन आल्या. म्हणाल्या, "लग्न ठरतंय. आता शिक्षण बंद. वर्ष वायाच गेलं की!"

वाया गेलं नाही, ताई. कसं ते ऐका.

नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक विषयापुढे क्रेडिट लिहिलेले असतात. वर्गात १५ तास शिकलं की एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाला ३० तास लागतात. 'मेजर' म्हणजे मुख्य विषय, 'मायनर' म्हणजे जोडीचा विषय, 'ओपन इलेक्टिव्ह' म्हणजे दुसऱ्या शाखेतला आवडीचा विषय. यूजीसीच्या आराखड्यात १०० ते १९९ क्रमांकाचे विषय पायाभूत, २०० चे त्यापुढचे, ३०० चे आणखी वरचे. आपल्या विद्यापीठाचे कोड वेगळे असतील, तर कॉलेजात विचारायचं.

वर्षाला साधारण ४० क्रेडिट होतात. गटाच्या पासबुकात बचत जमते, तसे ते 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये मुलीच्या नावावर जमतात. पहिल्या वर्षानंतर थांबायचं असेल, तर ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करून प्रमाणपत्र मिळतं. तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो. पदवी मात्र सात वर्षांत पुरी करायची.

म्हणून लग्नाच्या बोलणीत हेही बोला. आणि लेकीला आजच विचारा, क्रेडिट बँकेचं खातं काढलंस का? क्रेडिट जमा झाले का?